सावलीची वहिवाट

वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेच्या शोभाबाईंना कोणी विचारलं, की तुमची स्वतःची इस्टेट काय, तर त्या बोट वर करत. देवाकडे नव्हे, गच्चीकडे. खरं तर गच्चीही नवऱ्याच्या नावावर होती. पण गच्चीवर पडणारं ऊन मात्र त्यांचं होतं, आणि त्या उन्हावर त्यांनी घर चालवलं होतं.

नवऱ्याचं, ताराचंदचं, किराणा दुकान होतं. पण गिऱ्हाइकाने साबण मागितला तर ‘काऊन, घरचा संपला का?’ असं विचारणारा तो माणूस. गिऱ्हाईक खजील होऊन परत जायचं. शोभाबाई रोहण्याहून लग्न होऊन आल्या तेव्हा दुकान जेवढं होतं तेवढंच ते आजही आहे. वाढल्या त्या शोभाबाईंच्या कुरडया. केळझरपासून आर्वीपर्यंत ज्या घरी लग्न असेल त्या घरचा माणूस माघ महिन्यातच येऊन सांगून जायचा. शोभाबाईंची कुरडई तेलात सोडली की कढईचे काठ शोधायला लागते, अशी तिची ख्याती.

कुरडईचं काम म्हणजे बाईची परीक्षाच. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, निवळू द्यायचा, पहाटे उठून शिजवायचा आणि हात पोळत असतानाच सोऱ्यातून गच्चीवर पाडायचा. तिथून पुढे बाईचं काही चालत नाही, पुढचं काम सूर्याचं. ओल्या कुरडईला सकाळचं पहिलं ऊन मिळालं पाहिजे. ते चुकलं की ती आंबूस वास धरते, आणि तळायला घेतली की फुलायचं सोडून नुसती तेल पीत बसते.

आणि हे पहिलं ऊनच गेली बारा वर्षं शोभाबाईंना मिळत नव्हतं. आंबलेल्या बाजूला काढून चांगल्या निघतील तेवढ्याच कुरडया त्या गिऱ्हाइकाला द्यायच्या.

पूर्वेच्या अंगाला भिंतीला भिंत लागून प्रभाकररावांचं घर. प्रभाकरराव जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. एका उन्हाळ्यात नळाला पाणी आलं नाही तेव्हा त्यांनी असा धसका घेतला की गच्चीवर खांब उभारून, त्यावर स्लॅब टाकून, ओळीने चार काळ्या टाक्या चढवल्या. घरात माणसं दोन. त्या टाक्यांची सावली रोज सकाळी शोभाबाईंच्या गच्चीवर येऊन पसरायची आणि दहा वाजेपर्यंत पाहुण्यासारखी हलायची नाही.

पहिल्याच वर्षी शोभाबाई कठड्यापाशी जाऊन म्हणाल्या होत्या, “भाऊजी, तुमची सावली माह्या वाळवणावर पडून राह्यली.”

प्रभाकररावांनी चष्मा पुसला आणि कचेरीत बोलायचे तशा आवाजात ते म्हणाले, “शोभाबाई, सावली जिथे पडते तिथे तिची वहिवाट तयार होते. बारा वर्षं अखंड पडली, की ती जागा सावलीच्या मालकाची.”

आता हे गमतीने म्हटलं की खरं, हे कळायला मार्ग नव्हता. प्रभाकररावांनी उभ्या नोकरीत कधी विनोद केल्याचं कोणाला आठवत नव्हतं. ताराचंद तर ऐकून हबकलाच. “मोजणीवाला माणूस हाये थो. त्याले माहीत असन,” असं म्हणून त्याने तो विषय गल्ल्यात टाकून कुलूप लावल्यासारखा बंद केला.

बारा वर्षं म्हणजे लांबची गोष्ट वाटते. पण ती येतात. या वर्षी होळी झाली आणि प्रभाकरराव कठड्यावरून म्हणाले, “येत्या जूनमध्ये पूर्ण होतात. मी एक पिवळी रेघ मारून घेईन म्हणतो. रेघेच्या अलीकडे काही वाळत घालायचं असेल तर विचारत जा. मी नाही म्हणणार नाही.”

ते ‘नाही म्हणणार नाही’ शोभाबाईंना जिव्हारी लागलं. स्वतःच्या गच्चीवर विचारून कुरडई घालायची! त्यांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी कठडा गाठला.

“भाऊजी, रात्री कुठी जाते जी तुमची सावली? तवा तुटत नाई का वहिवाट?”

दोन दिवस प्रभाकरराव गच्चीवर दिसले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते ताजेतवाने होऊन.

“मी विद्यापीठाच्या खगोल मंडळाच्या अध्यक्षांना विचारून आलो. रात्र म्हणजे पृथ्वीची सावली असते. म्हणजे माझी सावली रात्री मोठ्या सावलीत विलीन होते. विलीन होणं म्हणजे खंड पडणं नव्हे.”

शोभाबाई तडक खाली आल्या आणि गुंजनला धरलं. गुंजन त्यांची भाची, रोहण्याच्या भावाची मुलगी. विद्यापीठात शिकायला आत्याकडे राहत होती आणि त्याच खगोल मंडळाची सचिव होती.

“काय वो माय, तुमच्या मंडळाचा अध्यक्ष कोण आहे?”

“धीरज. काऊन?”

“त्याले म्हणजो, पृथ्वीच्या सावलीबद्दल रस्त्यावर बोलत जाऊ नको. इथं माही गच्ची चालली.”

या खगोल मंडळाबद्दल सांगायलाच हवं. मंडळाकडे एक दुर्बीण होती आणि तिच्या डोळ्याकडचा भाग कोणाकडे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. चंद्रग्रहणाच्या दिवशी ढग येत. उल्कावर्षावाच्या कार्यक्रमाला पोरं मैदानात उताणी पडली आणि डासांनी फोडून काढल्यावर उठली. एकाला उल्का दिसली, तर ते नागपूरला उतरणारं विमान आहे असं बहुमताने ठरलं. तरीही धीरजचा उत्साह कमी होत नव्हता. किडकिडीत, उंच, केळझरचा हा पोरगा ‘ब्रह्मांड’ हा शब्द असा उच्चारायचा जसं काही ते त्याच्या मामाचं गाव आहे.

मे महिन्यात मंडळाने शून्य सावली दिवस साजरा करायचं ठरवलं. त्या दिवशी भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली क्षणभर नाहीशी होते. विद्यापीठाच्या कचेरीत परवानगी मागायला गुंजन गेली, तर तिला विचारलं, प्रमुख पाहुणे कोण?

“सूर्य,” गुंजन म्हणाली.

“त्यांचं संमतीपत्र जोडा.”

तिने हसून पाहिलं, पण समोरचे गृहस्थ हसले नाहीत. कार्यक्रम पुढच्या आठवड्यात घ्यावा, तेव्हा सभागृह मोकळं आहे, असा शेरा मिळाला. धीरजने कपाळाला हात लावला. “सूरज पुढच्या आठवड्यात वर्ध्याच्या पुढे सरकलेला असेल यार! आणि सभागृहात छप्पर आहे!”

गुंजनने घरी येऊन हे सगळं आत्याला हसत हसत सांगितलं. शोभाबाई गहू निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

“सावली नाहीशी होते म्हणजे? कोणाची?”

“सगळ्यांचीच, आत्या.”

“टाक्यायची बी?”

“टाक्यायची बी.”

शोभाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. “तुमच्या पोट्ट्यायले माही गच्ची घ्या म्हणा. चहा-पाणी मी करतो. पन साक्षीले सगळे पाहिजेत. सावली तुटली, असं तुमच्या अध्यक्षानं सगळ्यायसमोर म्हटलं पाहिजे.”

एवढ्यावर थांबल्या असत्या तर त्या शोभाबाई कसल्या. त्यांनी हिशेब केला: वर्षातून एक दिवस सावली नसते, म्हणजे त्या दिवशी पहिलं ऊन मिळणार, म्हणजे कुरडया त्याच दिवशी घालायच्या. आणि कोणाला न सांगता, बरोबर तीन दिवस आधी, घरातला निम्मा गहू भिजत घातला. पलीकडच्या प्रमिलाबाईंना, म्हणजे प्रभाकररावांच्या बायकोला, मात्र निरोप गेला. कारण भांडण कितीही जुनं असलं तरी प्रमिलाबाईंच्या कुरडया शोभाबाईंच्याच गच्चीवर पडायच्या. त्यांच्या स्वतःच्या गच्चीवर टाक्यांमुळे जागाच नव्हती.

इकडे प्रभाकररावांच्या कानावर कार्यक्रम गेला आणि त्यांची झोप उडाली. जूनला थोडे दिवस राहिलेले आणि मध्येच असा खंड! ते दुपारच्या उन्हात, डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून, धीरजला भेटायला गेले.

“हा दिवस जूननंतर घेता येणार नाही का?”

“काका, तारीख आम्ही नाही ठरवत.”

“मग कोण ठरवतं? मला त्यांचं नाव द्या.”

“पृथ्वी कललेली आहे ना काका, म्हणून...”

“कधीपासून कललेली आहे?”

“पहिल्यापासूनच.”

“मग एवढ्या वर्षांत कोणी सरळ का नाही केली?” प्रभाकरराव कळवळून म्हणाले. मग ते तसेच परत आले आणि बायकोला म्हणाले, “तुझ्या मैत्रिणीनं सूर्य फिरवला.”

प्रमिलाबाई गव्हाचं पाणी बदलत होत्या. “मी तर कधीचीच म्हणून राह्यली, टाक्या मागच्या अंगाला न्या. माह्या कुरडया बी आंबतात दरसाली.”

“आपल्याच सावलीत आंबतात ना? मग!” प्रभाकरराव म्हणाले. यातून त्यांना काय सिद्ध करायचं होतं ते त्यांनाही माहीत नसावं.

तो दिवस उजाडला. पहाटेच चीक शिजला, दोघी बायका सोरे घेऊन गच्चीवर गेल्या, आणि सूर्य वर येतो तो काय, टाक्यांची सावली नेहमीसारखी येऊन गच्चीवर पसरली. शोभाबाईंनी पाहिलं, डोळे चोळले, पुन्हा पाहिलं.

“गुंजन! ए गुंजन! हे काय आहे वो?”

गुंजन दात घासत वर आली. “सावली आहे, आत्या.”

“थे दिसून राह्यलं मले! आज नसते म्हणे ना?”

“अवं आत्या, दिवसभर नाई! दुपारी बाराच्या पुढे. मिनिट-दीड मिनिट.”

शोभाबाई मटकन खाली बसल्या. हातातल्या सोऱ्यात चीक निवत होता. “मिनिटभराच्या उन्हासाठी मी तीन दिवस गहू भिजवले?”

प्रमिलाबाई पदरात तोंड लपवून हसत होत्या. हसता हसताच त्यांनी सोऱ्या दाबला आणि सावलीतच पहिली कुरडई पाडली. करणार काय? शिजलेला चीक कोणासाठी थांबत नाही.

साडेअकराला खगोल मंडळ आलं. गच्चीभर कुरडया पसरलेल्या, त्यामुळे विश्वाचा अभ्यास करायला पाय ठेवण्यापुरतीही जागा नव्हती. पोरं बगळ्यासारखी एका पायावर उभी राहिली. वेधासाठी आणलेला पाइप मधल्या फटीत उभा केला. तो वाकडा निघाला, म्हणून शोभाबाईंनी मुसळ आणून दिलं. धीरजने ओळंबा लावून मुसळ सरळ केलं आणि बाजूच्या ताटलीतला उरलेला चीक खात खात शून्य सावलीचं महत्त्व समजावून सांगितलं. चार आयाबाया जिन्यात उभ्या होत्या. ताराचंद दुकान बंद करून आला होता. त्याने कोणाचं नुकसान झालं नाही. खाली डांबर मऊ झालं होतं आणि गल्लीत कुत्रंही फिरत नव्हतं. वर्ध्यात मे महिन्यातल्या भर बाराला शहाणं माणूस गच्चीवर चढत नाही. बारा वर्षांत त्या वेळी तिथे कोणीच कधी उभं राहिलेलं नव्हतं, आणि पुढे जे झालं ते त्यामुळेच झालं.

पलीकडच्या गच्चीवर प्रभाकरराव टाक्यांना हात लावून उभे होते, आजारी माणसाजवळ उभं राहतात तसे.

मुसळाची सावली आखडत गेली. बोटाएवढी झाली. नखाएवढी झाली.

“अब देखो!” धीरज ओरडला.

सावली गेली. मुसळाची गेली, ओळंब्याच्या दोरीची गेली. शोभाबाईंनी खाली पाहिलं तर त्यांची स्वतःची सावली पायाखाली साडीच्या घेरात शिरून बसली होती. टाक्यांची लांबरुंद सावली कुठेच नव्हती. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

“तुटली!” शोभाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चिरकला. “सगळ्यायनं पाह्यलं ना जी? तुटली वहिवाट!”

“थांबा!” पलीकडून प्रभाकररावांचा आवाज आला. “नाही तुटली! ती पहा! कठड्याच्या बाजूला पहा!”

सगळ्यांनी पाहिलं. शोभाबाईंच्या गच्चीवर, कठड्याला लागून, वीतभर रुंदीचा एक काळा पट्टा सरळ पडलेला होता. सुतात ओढल्यासारखा.

प्रभाकरराव दिसेनासे झाले. जिन्यावर पावलं वाजली, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा ते शोभाबाईंच्या दारातून आत आले, धापा टाकत वर चढले, कुरडया चुकवत कठड्यापाशी पोचले आणि खाली बसून त्यांनी त्या पट्ट्यावर हात ठेवला.

“माझी आहे! थंड लागते पाहा! अखंड आहे!”

खिशात खडू होता, टेपही होता. नोकरी गेली तरी ती सवय गेली नव्हती. सावली सरकायच्या आत त्यांनी पट्ट्याभोवती रेघ ओढली, कोपऱ्यांवर खुणा केल्या, टेप लावून लांबी मोजली, आणि वर पाहून म्हणाले, “अध्यक्ष, मोजणी बरोबर आहे. सगळ्यांसमोर सांगा, ही सावली कोणाची.”

तीन दिवसांचा गहू गेला, पहिलं ऊन गेलं, आता गच्चीही चालली. शोभाबाईंनी धीरजकडे पाहिलं. तो पट्ट्याकडे आणि वर टाक्यांच्या स्लॅबकडे आळीपाळीने बघत होता. त्याचा चेहरा उजळला. ढग न येता, डास न चावता, मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच काहीतरी बरोबर घडत होतं.

“बहुत बढिया!” तो म्हणाला. “सगळे इकडे पाहा. आता सूर्य अगदी डोक्यावर आहे, म्हणून सावली तिरपी पडतच नाही. ओळंब्यासारखी सरळ खाली पडते. म्हणजे ही सावली काकांच्या स्लॅबची आहे, आणि तो स्लॅब बरोबर या पट्ट्याच्या वर आहे.”

“बरोबर!” प्रभाकरराव म्हणाले. “लिहून घ्या.”

आणि मग त्यांच्या हातातला खडू थांबला.

त्यांनी खाली खडूच्या रेघेकडे पाहिलं. मग वर पाहिलं. उन्हाने डोळे दिपत होते तरी पाहत राहिले. जन्मभर लोकांच्या बांधावर उभं राहून ‘तुमचा धुरा इतका आत आला’ असं सांगणारा हा माणूस. स्लॅब टाकला त्या दिवसांत, नोकरीच्या अखेरीला, ते कुठल्याशा गावी दोन भावांची शेती मोजत होते, आणि गवंड्याने सळ्या जरा पुढे काढल्या होत्या.

“म्हणजे काय वो गुंजन?” शोभाबाई हळूच म्हणाल्या.

“म्हणजे, आत्या, काकाजींचा स्लॅब वीतभर आपल्या गच्चीवर आहे.”

जिन्यातल्या बायकांमध्ये कुजबुज झाली. प्रभाकररावांनी चपळाईने पाय पुढे केला आणि खडूची रेघ पुसायला लागले.

“ही सावली माझी नव्हे,” ते म्हणाले.

“असं कसं जी भाऊजी?” शोभाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “बारा वर्षं तुमची, अन आज आमची? तुम्हीच तर मोजली!”

“ती वाऱ्यानं आली असेल.”

“सावली?”

“सदर सावलीबाबत... मी...” कचेरीची भाषा त्यांना मध्येच सोडून गेली. “मले नोतं माहीत, शोभाबाई. आईच्यान. मी दुसऱ्याच्या वावरात बोटभर चूक सहन नाई केली कधी.”

आता ताराचंद पुढे झाला आणि गंभीरपणे म्हणाला, “मंग आता वहिवाट कोणाची? स्लॅब आमच्या गच्चीवर बारा वर्षं आहे, म्हणजे टाक्या आमच्या झाल्या का?”

“तुम्ही खाली जा अन दुकान उघडा,” शोभाबाई म्हणाल्या.

कठड्यापलीकडून प्रमिलाबाई डोकावल्या. “टाक्या मागच्या अंगाला न्या, म्हटलं होतं का नाई मी?”

पट्टा आता बारीक होत सरकू लागला होता, पण खडूची रेघ अर्धी पुसलेली तशीच होती. प्रभाकररावांनी वाकून तिची पुसलेली बाजू पुन्हा नीट ओढली. मोजणी अर्धवट ठेवणं त्यांना जमलं नाही. मग टेप गुंडाळला, कुरडया चुकवल्या आणि खाली उतरले.

मेअखेरीचा नऊ दिवसांचा नवतपा लागला तेव्हा, सगळं गाव कूलरसमोर पडलेलं असताना, प्रभाकररावांच्या गच्चीवर गवंडी चढला. टाक्या मागच्या अंगाला गेल्या. चारच्या दोन झाल्या. पुढे आलेला स्लॅब छिन्नीने तोडताना प्रभाकरराव स्वतः ओळंबा धरून उभे होते, आणि गवंडी ‘झालं साहेब’ म्हणाला तरी आणखी बोटभर तोडा म्हणत होते.

त्या दिवशीच्या कुरडया आंबल्याच. त्या खगोल मंडळाने तळून खाल्ल्या आणि अंतराळात अन्न कसं टिकत असेल यावर चर्चा केली. शोभाबाईंनी राहिलेला गहू भिजवला.

चौथ्या दिवशी पहाटे चीक शिजला. दोघी गच्चीवर बसल्या आणि सूर्य उगवला. बारा वर्षांनी पहिलं ऊन सरळ, तांबूस, कोणाला न विचारता शोभाबाईंच्या गच्चीवर आलं. ओल्या कुरडया मोत्यासारख्या चमकल्या. शोभाबाई बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले.

ते पाऊण तास टिकलं. मग पाठ भाजायला लागली. मग मानेवर घामाच्या धारा लागल्या, सोऱ्याची मूठ निसटायला लागली. सावली असताना चीक पाडून होईपर्यंत अंगाला ऊन लागत नसे, हे दोघींनाही आठवलं. पण आधी कोण बोलणार?

“बरी होती वो सावली,” शेवटी प्रमिलाबाईच म्हणाल्या.

“तोंडातून काढू नको माय,” शोभाबाई म्हणाल्या आणि पदर डोक्यावर ओढला. थोडा वेळ दम धरला. मग कठड्याकडे तोंड करून हाक मारली, “ओ भाऊजी! रिकामे आहा का?”

प्रभाकरराव लगेच दिसले. रिकामेच होते. गेल्या काही दिवसांत त्यांना कोणी हाक मारली नव्हती.

“छत्री आहे का घरी? घेऊन या.”

ते खालून, दारातून, जिन्याने आले. काळी, लांब दांड्याची, मोजणीच्या काळातली छत्री उघडून दोघींच्या डोक्यावर धरून उभे राहिले. शोभाबाईंनी सोऱ्यात चीक भरला.

मग प्रभाकररावांनी घसा खाकरला. “शोभाबाई, दरवर्षी आलो तर चालेल का?”

शोभाबाईंनी मान वर केली नाही. “या. पन जरा अलीकडं सरका भाऊजी, कुरडईवर सावली पडून राह्यली.”